चकाल्यातलं गॉटिंगेन

सर कधीही डावीकडे-उजवीकडे असं म्हणत नसत. जेवताना लोणचं हवं असलं तर म्हणायचे, "ती बरणी जरा आग्नेयेला सरकवा." नवखा माणूस आधी बरणीकडे बघायचा, मग सरांकडे. मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला आले त्या दिवशी त्यांनी मला खोली दाखवली ती अशी: "खिडकी पश्चिमेची, दुपारी तापते. दार उत्तरेचं. नळ वायव्येच्या कोपऱ्यात." मी मान हलवली आणि नंतर बादली घेऊन अंगणभर फिरले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. शेवटी त्या आल्या, माझा दंड धरून मला नळापाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा मीपण अशीच फिरत होते गं."

अंधेरीच्या एका शाळेत सर आणि मी नोकरीला होतो. ते भूगोल शिकवायचे, मी शाळेचं ग्रंथालय सांभाळायचे. त्यांचं घर चकाल्याला, कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. कौलारू, दोन खोल्या त्यांच्या, मागची एक माझी. तेव्हा तिथे अजून भातशेती होती, म्हशींचे तबेले होते आणि मरोळच्या बाजूला नव्या कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. संध्याकाळी वारा फिरला की आधी शेणाचा वास यायचा, मग कसल्याशा रसायनाचा. सर नाक वर करून म्हणायचे, "पूर्वेचा वारा. आता प्रदेशाचं स्वरूप बदलतंय."

ते गेले. त्यांच्याबद्दल काही लिहावं म्हणून बसते, आणि दर वेळी आधी समोर येतं ते एक परदेशी गाव. ते त्यांनी कधी पाहिलं नाही. मीही नाही.

सरांची एकुलती एक मुलगी नलू रसायनशास्त्रात संशोधन करायला जर्मनीला गेली होती. गावाचं नाव गॉटिंगेन. लहानसं, विद्यापीठाचं गाव. सर ते नाव ओठांचा चंबू करून काहीतरी वेगळंच उच्चारायचे आणि मग आपण बरोबर उच्चारलं की नाही या काळजीत पुन्हा एकदा उच्चारायचे. नलूचं जायचं ठरलं त्या आठवड्यापासून त्यांनी त्या गावाचा अभ्यास सुरू केला. फोर्टातल्या ग्रंथालयांत जाऊन बसायचे. कुठून कुठून प्रवाशांसाठी छापलेली घडीपत्रकं मिळवली. एक नकाशा मिळाला, तो त्यांनी भिंतीवर लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकली. शाळेतून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी ते त्या खुर्चीत बसायचे.

वर्गात धडा कुठलाही असो, शेवट गॉटिंगेनमध्ये व्हायचा. नदीखोरी शिकवायला घेतली की गंगेवरून निघून लाइने नावाच्या नदीवर यायचे. "छोटीशी नदी. आपल्या मिठीएवढी. पण तिच्या काठानं केवढी विद्या उभी राहिली बघा." कवायतीचे मास्तर शिक्षकखोलीत हटकून विचारायचे, "काय सर, आज आपल्याकडे थंडी किती?" 'आपल्याकडे' म्हणजे जर्मनीत. सगळे हसायचे. सरांना त्यातली थट्टा कळायची नाही, किंवा कळत असेल. ते गंभीरपणे सांगायचे की आज तिकडे बर्फ असणार आणि नलूचे बूट पातळ आहेत.

इतिहासातल्या दोन गोष्टी त्यांना विशेष आवडायच्या. एक, की ते विद्यापीठ इंग्लंडच्या राजानं काढलेलं; तो राजा मुळातला तिकडचाच. "म्हणजे आपल्यावर राज्य केलं त्याच घराण्याचं," ते म्हणायचे, "तिकडे विद्यापीठ काढलं, इकडे गोदी." दुसरी, की पुढे एका राजानं राज्यघटना मोडली तेव्हा तिथल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला आणि नोकऱ्या घालवल्या. हे सांगताना सर आवाज खाली आणायचे, जणू मुख्याध्यापक दाराबाहेर उभे आहेत. "मी असतो तर सही केली असती का? माहीत नाही. घरखर्च, मुलीचं शिक्षण... माहीत नाही." ते स्वतःला भित्रा माणूस समजत आणि तसं मोकळेपणानं सांगत.

लोकसंख्येचा आकडा मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. मी एकदा विचारला तर म्हणाले, "लायब्ररीबाई, आकडा पाठ्यपुस्तकात असतो. लोकसंख्या म्हणजे कोण आलं, का आलं." युद्ध संपल्यावर पूर्वेकडून घरदार सोडून आलेली किती माणसं त्या गावात शिरली, हे ते सांगायचे. "आपल्या मुलुंडला, चेंबूरला सिंधी आले ना, तसे. हातात एक बोचकं. आणि त्यांच्या शेजारी विशी-बाविशीतली पोरं, काखेत पुस्तकं. अर्धं गाव आठवणी काढतंय आणि अर्धं परीक्षेला बसलंय. अशा गावात माझी मुलगी राहते."

काकू हे सगळं ऐकायच्या. त्यांचं शिक्षण फार नव्हतं, माहेर मालवणकडचं. नकाशा त्यांना कळायचा नाही. त्यांना एकच कळून घ्यायचं असायचं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच हात थांबायचा. "अहो, नलू कुठं असेल आत्ता?"

सर घड्याळाकडे बघायचे, मनात वेळेचा हिशेब करायचे आणि उत्तर द्यायचे. "आत्ता घरातून निघाली असेल. रस्त्यानं दक्षिणेकडे येतेय. पूर्वेच्या अंगाला चर्च." काकू मान डोलवायच्या, पण चेहऱ्यावरून दिसायचं की रस्ता दिसत नाहीये.

म्हणून सरांनी एक उपाय काढला. त्यांनी ते गाव चकाल्यात आणलं.

त्यांच्या दृष्टीनं हे सोपं होतं, कारण दिशा जुळत होत्या. तिथे स्टेशन पश्चिमेला, इथेही. तिथे पूर्वेला डोंगर आणि रान, इथेही मरोळच्या पलीकडे डोंगर आणि रान. मधे गाव. संध्याकाळी ते काकूंना घेऊन निघायचे आणि दाखवायचे: हे चकाल्याचं चर्च म्हणजे तिथलं उंच मनोऱ्याचं चर्च. ही शेताची मोठी बांधबंदिस्ती म्हणजे गावाभोवतीचा जुना तट. तिथे आता तटावर झाडं आहेत, लोक वरून फेऱ्या मारतात. ही आपली शाळा म्हणजे विद्यापीठ. यावर काकू म्हणाल्या, "इतकंसं?" आणि सर ओशाळले.

गॉटिंगेनच्या चौकात एक कारंजं आहे आणि त्यावर हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे. आमच्याकडे एका जुन्या विहिरीपाशी एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती, बाई बदकं पाळायची. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिला थांबवून जर्मनीची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "पुतला कशाला मास्तर, अंडी पाहिजे काय बोला." तेव्हापासून विहीर म्हणजे कारंजं. डॉक्टरेट मिळाली की तिथली मुलं त्या पुतळ्याचा मुका घेतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा काकू रस्त्यातच थांबल्या.

"नलूपण घेणार?"

"रिवाज आहे."

"पुतळ्याचाच ना?"

"पुतळ्याचाच."

"मग घेऊ दे," काकू म्हणाल्या.

नदी तेवढी चुकीच्या बाजूला होती. तिथे ती पश्चिमेला, आपली मिठी पूर्वेला. याचं सरांना खरोखर वाईट वाटायचं.

सरांच्या मनात त्या गावाबद्दल एक भीतीही होती, आणि ती हळूहळू सगळ्या माहितीच्या वर चढून बसली. गावाच्या पूर्वेला, डोंगररानाच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर पूर्व जर्मनीची सीमा होती. वर्तमानपत्रात सीमेवर कोणावर गोळी झाडल्याची बातमी आली की सरांचा चहा तसाच राहायचा. मग ती बातमी बर्लिनची असली तरी. प्रत्येक पत्राच्या शेवटी ते नलूला लिहायचे, 'पूर्वेला जाऊ नकोस.' आणि काकूंनाही त्यांनी ते सांगितलं होतं. शिकवताना काही गाळायचं नाही हा त्यांचा स्वभावच होता. "डोंगराच्या अलीकडे सगळं ठीक. पलीकडे तारेचं कुंपण. पहारेकरी उभे असतात. पलीकडे गेलेलं माणूस परत येत नाही."

"मग नलूला सांगा ना."

"सांगितलंय. तिला सगळं सांगितलंय."

काकू विसरायला लागल्या हे पहिल्यांदा मला कळलं की सरांना, ते आता सांगता येणार नाही. साठीही आली नव्हती त्यांची. आधी मीठ दोनदा पडायचं. मग एक दिवस माझ्या खोलीत येऊन त्यांनी मला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" मी तिथे येऊन दोन पावसाळे झाले होते. नलूचा प्रश्न दिवसातून एकदा यायचा तो तासातासाला यायला लागला, मग उत्तर संपायच्या आत पुन्हा. सर प्रत्येक वेळी घड्याळ बघून नवं उत्तर द्यायचे. कधीही 'आत्ताच सांगितलं ना' म्हणाले नाहीत. पण मी शेजारच्या खोलीत असायचे. भिंत पातळ होती. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, एकटं सोडू नका. सर शाळेत असायचे तेव्हा मोलकरीण बसायची. सरांनी दाराला वरची कडी लावून घेतली. वर्गात शिकवता शिकवता ते खिडकीतून घराच्या दिशेला बघायचे. त्यांचे दोन धडे मागे राहिले आणि पहिल्यांदाच ते गॉटिंगेनमुळे नव्हते.

मी त्यांना म्हणत होते, "सर, नलूला कळवा."

"काय कळवू? काम अर्धं झालंय तिचं. आत्ता आली तर पुन्हा जाणार नाही ती, मी तिला ओळखतो. पदवी झाली की येईलच."

"आणि तोवर?"

"तोवर मी सांभाळतो." मग काही वेळानं, "काकू घाबरत नाहीत ना, तोवर चालेल. नलू कुठं आहे हे कळलं की त्या घाबरत नाहीत."

मध्यंतरी कोणीतरी त्यांना सुचवलं, बाईंच्या डोक्यात ते परगाव भरवू नका, त्यानंच गोंधळतात. सरांनी ते मनाला लावून घेतलं. एक दिवस त्यांनी नकाशा उतरवला आणि काकूंनी विचारलं तेव्हा नुसतं म्हणाले, "नलू जर्मनीत आहे, बरी आहे." काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि अशा आवाजात रडायला लागल्या की मी धावत आले. "म्हणजे तुम्हालापण माहीत नाही," एवढंच त्या म्हणत होत्या. सरांनी नकाशा पुन्हा लावला.

त्यानंतर काही दिवसांनी काकू हरवल्या.

सकाळची शाळा होती. मोलकरीण धापा टाकत फाटकापाशी आली. ती पाणी भरायला गेली, कडी काढून, तेवढ्यात बाई गेल्या. सर वर्गातून खडू हातात घेऊनच बाहेर आले. मी त्यांच्याबरोबर निघाले. मला वाटलं होतं ते सैरभैर होतील. पण ते थांबून, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "साडेनऊ. तिकडे पहाट. म्हणजे नलू घरी झोपलेली. काकू तिला उठवायला गेल्या असतील." नलूची खोली म्हणून त्यांनी काकूंना चर्चमागचं एक घर दाखवून ठेवलं होतं. आम्ही तिथे गेलो. घरातली माणसं म्हणाली, नाही आल्या.

मग विहीर. बदकवाली म्हणाली, "कालपरवा आल्या होत्या मास्तर, आज नाय." मग शेताचा बांध. मग स्टेशनकडचा रस्ता, कारण परदेशातून येणारं माणूस स्टेशनावरच उतरणार. प्रत्येक ठिकाणी सर मला कारण सांगत होते, धड्यासारखं, एकामागून एक, आणि प्रत्येक ठिकाण रिकामं निघालं की ते बोलणं जास्त भरभर व्हायचं. स्टेशनबाहेर मोसंब्याच्या गाडीला धरून ते थांबले. "लायब्ररीबाई," ते म्हणाले, "गाव संपलं."

त्यांच्या सदऱ्याला पाठीवर घाम आला होता. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. मी म्हटलं, "सर, काकूंना ज्या जागेची भीती वाटते अशी कुठली जागा आहे का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलले ते परत घ्यावंसं वाटलं.

"सीमा मी दाखवली नव्हती," ते म्हणाले. "ती मी कुठंच दाखवली नव्हती."

आम्ही रिक्षा केली नाही, टॅक्सी केली. सरांनी आयुष्यात केलेली ती पहिली टॅक्सी असावी. ड्रायव्हरला ते एवढंच म्हणाले, "पूर्वेला चला." तो म्हणाला, "पूर्वेला म्हंजे कुठे, साहेब?" मी सांगितलं, मरोळ.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला एका कारखान्याचं आवार होतं. भोवती काटेरी तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत पत्र्याच्या शेड. फाटकाशेजारी पहारेकऱ्याच्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. पायात चपला नव्हत्या. पहारेकरी, खाकी डगल्यातला पन्नाशीचा माणूस, उन्हात उभा होता आणि काकूंच्या हातात त्याचा चहाचा पेला होता.

"सायबानू, तुमचीच काय ही बायल?" त्यानं विचारलं. मग तो माझ्याकडे वळला. "सकाळपासून हय बसली हा. म्हणता, चेडू, लेक माझी, पलीकडे अडाकला, सोड. मिया सांगलंय, आये, हय पत्र्याचे डबे करतत, चेडू खयसून येतला? ऐकणाच नाय. मगे म्हटलंय, च्या तरी घे."

सर काकूंसमोर खाली बसले. मातीत, पँट घातलेली.

काकू म्हणाल्या, "अहो, ती पलीकडे आहे. तुम्हीच म्हणाला होता ना, गेलेलं माणूस परत येत नाही. मी यांना केव्हाची सांगतेय."

मी सरांना वर्षानुवर्षं ओळखत होते. चुकीची सीमारेषा काढणाऱ्या मुलाला ते वर्गाबाहेर उभं करायचे. नकाशावर खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. आता ते त्या कुंपणाकडे बघून म्हणाले, "अगं, आज उठवली सीमा. मोकळं केलं सगळं. चल, आपण जाऊन बघू."

आणि त्यांनी मान वर करून पहारेकऱ्याकडे पाहिलं.

त्या माणसाला काय कळलं, कितपत कळलं, कोण जाणे. त्यानं एकदा आतल्या ऑफिसकडे नजर टाकली आणि फाटक उघडलं. "या," तो म्हणाला. "पण पलीकडच्या फाटकान भायर पडा. सायब येऊच्या आधी."

सरांनी काकूंना स्वतःच्या चपला घातल्या. आम्ही तिघं त्या आवारातून गेलो. शेडमध्ये यंत्रं चालू होती, कामगार मान वर करून बघत होते. काकू प्रत्येक दारापाशी थांबून आत डोकवायच्या. सर त्यांच्याबरोबर थांबायचे. दुसऱ्या फाटकाबाहेर मोकळं माळरान होतं आणि पुढे डोंगर. काकूंनी बराच वेळ बघितलं.

"नाही कुणी," त्या म्हणाल्या. सुटल्यासारख्या. "बरं झालं. म्हणजे ती अलीकडेच आहे."

घरी येताना सर टपाल कचेरीत उतरले आणि नलूला तार केली. तारेत त्यांनी 'ये' याशिवाय दुसरं काही घातलं नाही.

नलू आली तेव्हा काकू अंगणात मिरच्या वाळवत होत्या. मला आणि सरांना ज्याची धास्ती होती ते झालं नाही. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "केस किती कापलेस गं." चहा केला, साखर बरोबर पडली. दुपारभर त्या छान होत्या. आणि नलूचा चेहरा तासातासानं कडक होत गेला. शेवटी तिनं विषय काढलाच.

"बाबा, काही झालेलं नाहीये. मग ती तार? मी वाटेत अर्धी मेले होते. माझे प्रयोग तिथे तसेच पडलेत."

सर खुर्चीत बसून होते, नकाशाकडे पाठ करून. मग त्यांनी, काय वाटून कोण जाणे, तिला कारंज्याबद्दल विचारलं. तटावर झाडं कुठली आहेत ते विचारलं.

"मला नाही माहीत, बाबा. मी प्रयोगशाळेत असते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. त्या चौकातून सायकलनं जाते, थांबत नाही."

"आणि सीमा? तिकडे गेली नाहीस ना कधी?"

"गेलेय की." नलू वैतागून हसली. "सगळेच जातात. रविवारी बस जाते. कुंपणापाशी उभं राहायचं, पलीकडे बघायचं, कॉफी प्यायची, परत यायचं. एवढं काय त्यात?"

सरांचा चेहरा मला बघवेना. मी उठणार होते, तेवढ्यात मिरच्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या काकू म्हणाल्या, "मीपण जाऊन आले."

"कुठं?"

"सीमेवर. तिथला पहारेकरी चांगला आहे गं. आपल्या मालवणचा. मला चहा दिला त्यानं."

नलू हसायला लागली आणि मधेच थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. कोणी तिच्याशी नजर मिळवली नाही. ती जमिनीवर सरकत आईच्या जवळ गेली, सुपातली एक मिरची उचलून हातात धरून राहिली, आणि खूप हळू, लहान मुलाला विचारावं तसं तिनं विचारलं, "मग परत कशी आलीस, आई?"

"हे आले ना न्यायला," काकू म्हणाल्या, आणि मिरच्यांचे देठ खुडू लागल्या.